श्रिंकेजची पट्टी आणि दोन पिक्सेलचे शिंग

आठवीत असताना भूमितीच्या वहीत मी दहा सेंटिमीटरचा एक रेषाखंड काढला होता. बाईंनी तो स्वतःच्या पट्टीने मोजला आणि शेजारी तांबड्या शाईने ‘१०.१’ असे लिहून दिले. त्या पानावरच्या पुढच्या सगळ्या आकृत्या त्याच पट्टीने काढलेल्या असल्यामुळे त्याही चुकल्या. घरी आल्यावर मी वही अप्पांपुढे टाकली, तेव्हा त्यांनी वहीकडे न बघता माझ्या दप्तरात हात घालून त्यातली पोलादी पट्टी बाहेर काढली आणि ते हसत सुटले. पट्टी त्यांची होती; सकाळच्या घाईत मी ती त्यांच्या हत्यारांच्या पेटीतून उचलून नेली होती.

अप्पा बेळगावच्या उद्यमबागेतल्या, धातू ओतणाऱ्या एका फौंड्रीसाठी पॅटर्न बनवत असत. वाळूत साचा उठवण्यासाठी आधी लाकडाचा जो हुबेहूब नमुना करावा लागतो, तो पॅटर्न. हुबेहूब हा शब्द मात्र येथे जपून वापरला पाहिजे, कारण वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात थंड होताना सुमारे एक टक्का, म्हणजे मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसते. ड्रॉइंगमध्ये पाचशे मिलिमीटर लिहिले असेल आणि सुताराने लाकूडही पाचशेच कापले, तर हातात येणारे कास्टिंग चारशे पंचाण्णवचे निघेल. प्रत्येक मापाला बेरीज करत बसण्याऐवजी पॅटर्नमेकर मुळातच लांब केलेली पट्टी वापरतात, जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा एक टक्क्याने मोठा असतो. तिला श्रिंकेजची पट्टी म्हणतात. पोलाद साधारण दोन टक्के आकसते, म्हणून त्याची पट्टी निराळी; आणि पॅटर्नच ॲल्युमिनियममध्ये ओतायचा असेल, तर लाकडी मूळ नमुन्यात दोन्ही धातूंचे आकसणे धरावे लागते, ही त्यातली आणखी गंमत. बाईंच्या दृष्टीने चूक असलेली ती पट्टी बिडाच्या दृष्टीने मात्र अचूक होती.

आता मी टिळकवाडीतल्या घरी बसून मोबाईल ॲपचे आणि वेबसाइटचे इंटरफेस करते. पुण्याची आणि बेंगळुरूची कामे असतात, काही बेळगाव आणि खानापूरकडचीही असतात. आमच्या धंद्यात गेली काही वर्षे ‘मुद्दाम ठेवलेली अपूर्णता’ या गोष्टीचे फार कौतुक चालले आहे: वेडीवाकडी रेघ, हाताने काढल्यासारखे बटण, कोणाला सापडले तर सापडले असे एखादे लपवलेले चित्र. हे सगळे मी करते आणि मला आवडतेही. तरी प्रत्येक वेळी मला अप्पांची पट्टी आठवते. मुद्दाम केलेली चूक कोणाच्या आकसण्याचा हिशेब धरून केली आहे, हे सांगता येत नसेल, तर ती नुसतीच चूक असते, असे माझे मत होत गेले आहे.

डोळ्याचेच उदाहरण घ्या. व्हिडिओ सुरू करण्याचे बटण म्हणजे वर्तुळात बसवलेला एक त्रिकोण. समजा, तो बुडापासून टोकापर्यंत चोवीस पिक्सेल रुंद आहे. सॉफ्टवेअरला ‘मधोमध ठेव’ असे सांगितले, की ते त्रिकोणाभोवतीची चौकट मधोमध ठेवते, म्हणजे बुडापासून बाराव्या पिक्सेलवर मध्य धरते. पण त्रिकोणाचे वजन बुडाकडे असते आणि त्याचा गुरुत्वमध्य बुडापासून एक-तृतीयांशावर, म्हणजे आठव्या पिक्सेलवर येतो. त्यामुळे गणिताने मधोमध असलेला त्रिकोण डोळ्याला डावीकडे चिकटलेला दिसतो. तो उजवीकडे तीन-चार पिक्सेल सरकवला की सरळ वाटतो. अक्षरे काढणाऱ्यांना हे शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे: रोमन लिपीतले गोल ‘ओ’ हे अक्षर चौकोनी ‘एच’पेक्षा वर आणि खाली किंचित बाहेर काढावे लागते, नाहीतर ते लहान दिसते.

आमच्या भागात या सरकवण्याला आणखी एक पदर आहे. येथे एकाच पडद्यावर मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी लावावी लागते, आणि या दोन लिपींचा उभे राहण्याचा ढंगच वेगळा आहे. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, त्यामुळे त्यांचा भार वर असतो. कन्नड अक्षरे गोल बुडावर बसतात, आणि जोडाक्षरातले दुसरे व्यंजन, ज्याला तिकडे ओत्तक्षर म्हणतात, ते खाली लोंबते. एका बटणावर ‘हिशेब’ आणि शेजारच्या बटणावर कन्नड ‘लेक्क’ असे लिहून दोन्ही मोजून मधोमध ठेवले, तर त्या खाली लोंबणाऱ्या ‘क’मुळे सगळी चौकट वाढते आणि मूळ अक्षरे वर ढकलली जातात. मग मी कन्नड ओळ एक पिक्सेल खाली घेते, आकार थोडा कमी करते आणि डोळे बारीक करून पुन्हा बघते. दोन भाषा सारख्या मानाने वागवायच्या असतील, तर त्यांना सारखी मापे देऊन चालत नाही. (हे वाक्य मी येथे केवळ बटणांपुरते लिहिते आहे, बाकीच्या वादात मला पडायचे नाही.)

एकदा असे झाले, की बेंगळुरूच्या एका डेव्हलपरने माझे काम हाती घेतले आणि दुसऱ्याच दिवशी उत्साहाने कळवले, “मॅडम, काही ठिकाणी एक-एक पिक्सेल इकडेतिकडे होता, मी सगळे सरळ करून टाकले.” बिचाऱ्याने तीन तास खपून सगळ्या बटणांना बाईंची पट्टी लावली होती. त्यात दोष माझाच होता, कारण मी का सरकवले हे कोठेही लिहून ठेवले नव्हते. तेव्हापासून कोडमध्ये अशा प्रत्येक जागी मी एक ओळ टाकते: ‘चूक नव्हे, सरकवले आहे.’

आता माझी स्वतःची फजिती सांगते. खानापूर तालुक्यातल्या काही दूध संकलन केंद्रांसाठी मी एक लहान ॲप केले होते. सकाळ-संध्याकाळ दूध घातले, की शेतकऱ्याला लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घनपदार्थ), दर आणि रक्कम मोबाईलवर दिसावी, एवढेच त्याचे काम. सरकारी वाटणारा रुक्ष तक्ता मला नको होता. म्हणून मी महत्त्वाच्या आकड्याखाली पेनाने ओढल्यासारखी थरथरती रेघ दिली. अशा रेघा काढून देणारी रफ जेएस नावाची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. ती हाताचा भास व्हावा म्हणून प्रत्येक रेघ जराशा फरकाने दोनदा ओढते. माझ्या मोठ्या पडद्यावर ते इतके गोड दिसत होते, की मी त्याचे फोटो मैत्रिणींना पाठवले.

पहिल्याच आठवड्यात एका केंद्रावर मी बसले असताना एक आजी मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या. पडदा लहान, काच तडकलेली. त्यावर म्हशीच्या दुधाचा फॅट ६.८ असा दिसत होता, आणि माझी ती दुहेरी रेघ वर सरकून आठाच्या शेपटीत मिसळली होती. आजी म्हणाल्या, “ह्यो आकडा कुणीतरी खोडून परत लिवल्यागत दिसतोय की गे.” मी समजावू लागले, की ही नुसती शोभेची रेघ आहे. त्यांनी ऐकून घेतले, मान हलवली आणि विचारले, “मग कालच्याला तशीच रेघ का न्हाई?” कालची रेघ वेगळी होती, कारण ती लायब्ररी दर वेळी रेघ नव्याने, थोडी निराळी काढत होती. माझ्या मते तेच तिचे सौंदर्य होते.

त्या आजींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. दुधाचा दर फॅटवर ठरतो, पॉइंट एकचा फरकही बिलात दिसतो, आणि वहीतली खाडाखोड म्हणजे काय हे आयुष्यभर डेअरीला दूध घालणाऱ्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळते. जेथे पैशाचा आकडा आहे तेथे हाताचा भास म्हणजे जिव्हाळा नव्हे, संशय. मी कोणत्या धातूसाठी पट्टी लांब केली होती? कोणत्याच नाही. माझ्या पोर्टफोलिओसाठी केली होती. त्या रात्री मी सगळ्या रेघा काढून टाकल्या, आकडे जाड केले आणि सगळ्या अंकांची रुंदी सारखी ठेवली, म्हणजे एकाखाली एक आकडे वहीतल्यासारखे सरळ उभे राहतात.

याच रेघा दुसरीकडे मात्र अगदी योग्य ठरतात. २००८ मध्ये आलेल्या बाल्सामिक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा आराखडा मुद्दाम पेन्सिलने खरडल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईकाला गुळगुळीत चित्र दाखवले, की ते रंगावर आणि अक्षरांच्या वळणावर बोलू लागते. खरडलेले चित्र दाखवले, की ‘हे बटण येथे का?’ असे मुद्द्याचे बोलते. येथे ओबडधोबडपणा खरेच काही सांगतो: हे अजून ठरलेले नाही, बदलता येईल. आजींच्या फॅटचा आकडा ठरलेला होता, आणि माझी रेघ नेमके उलटे सांगत होती.

वडगावात आणि शहापुरात विणकरांची घरे आहेत, आता बहुतेक यंत्रमागाची. जाणकार बायका हातमागाची साडी ओळखताना पदराआधी काठ उलटून बघतात. मागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या पिना काठात रुततात आणि त्यांची बारीक भोके कडेने राहतात. ती कोणी शोभेसाठी पाडलेली नसतात. काम झाल्याची ती खूण असते. आता यंत्रावरच्या कापडाला कोणी सुईने तशीच भोके पाडून विकू लागला, तर त्याला आपण कलाकार म्हणणार नाही. माझी थरथरती रेघ या दुसऱ्या प्रकारात मोडत होती, हे मान्य करायला मला काही महिने लागले. हाताने न केलेल्या गोष्टीला हाताचा पुरावा चिकटवू नये.

मराठीत मुद्दाम केलेल्या डागाला एक फार जुना शब्द आहे: गालबोट. देखण्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आई काजळाचे बोट गालावर टेकवते. वर्तमानपत्रांनी पुढे त्या शब्दाचे हाल केले आणि आता मिरवणुकीत दगडफेक झाली, की ‘गालबोट लागले’ असे छापून येते. मूळ गालबोटात मला एक बारकावा दिसतो. ते एकच असते, लहान असते, आणि डोळ्यात किंवा ओठांवर नसते. पाहणाऱ्याला मूल नीट दिसले पाहिजे, त्याच्या आड तो टिपका येता कामा नये.

येथून मी लपवलेल्या गोष्टींकडे येते, कारण त्यातही जागा कोणती, यालाच महत्त्व असते. अप्पा पंपाच्या पॅटर्नवर, पायाच्या आतल्या बाजूला, पितळेचे एक चिमुकले अक्षर ठोकत असत. पंप जमिनीला बोल्टने आवळला, की ते अक्षर कोणालाच दिसत नसे. फौंड्रीच्या मालकांनाही ते ठाऊक होते की नाही, मला कल्पना नाही. पुढे मी वाचले, की पहिल्या मॅकिंटॉशच्या चमूने १९८२ मध्ये एका कागदावर सह्या केल्या आणि त्या सह्या संगणकाच्या प्लास्टिकच्या खोक्यात आतून उठवल्या गेल्या. खोके उघडल्याशिवाय त्या दिसत नसत. होयसळ मंदिरांतल्या मूर्तींखाली दासोज, मल्लितम्मा ही शिल्पकारांची नावे सापडतात, तीही त्याच जातीची.

सॉफ्टवेअरमधले या प्रकारातले प्रसिद्ध उदाहरण अटारी कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’ या १९८० च्या खेळाचे. त्या काळी अटारी खेळ लिहिणाऱ्यांची नावे छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी कोणाला न सांगता खेळात एक गुप्त खोली ठेवली; पार्श्वभूमीच्याच रंगाचा एका पिक्सेलचा ठिपका शोधून तो योग्य ठिकाणी नेला, तरच त्या खोलीत जाता येई, आणि आत त्यांचे नाव झळकत असे. ते सापडेपर्यंत रॉबिनेट कंपनी सोडून गेले होते. कंपनीने ते काढण्याऐवजी राहू दिले आणि अशा लपवलेल्या गोष्टींना ‘ईस्टर एग’ हे नाव तेथूनच पडले. त्या ठिपक्यामागे रुसवा होता, म्हणून तो आजही जिवंत वाटतो. त्याउलट एक्सेल ९७ मध्ये विमान उडवण्याचा आख्खा खेळ लपवलेला होता. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये न सांगता एवढे सामान असू शकते, तर आणखी काय काय असेल, असा प्रश्न गिऱ्हाईकाला पडला तर त्याचे काय चुकले? मायक्रोसॉफ्टने पुढे २००२ च्या सुमारास सुरक्षिततेचे धोरण कडक केले आणि असे प्रकार बंद केले, ते योग्यच झाले.

क्रोम ब्राउझरमधला डायनासोर मला या सगळ्यांत सर्वांत शहाणा वाटतो. २०१४ पासून तो तेथे आहे. कणकुंबीच्या वाटेवर नेट गेले, की पडद्यावर तो उभा राहतो, आणि त्याला टिचकी मारली की निवडुंगांवरून उड्या मारू लागतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला ‘नेट नाही’ ही माहिती पूर्ण मिळते. ज्याला ठाऊक आहे, त्याचा कंटाळा जातो. दोघांचेही काही बिघडत नाही.

लपवण्याची माझी कसोटी एवढीच आहे: ज्याला ते सापडणार नाही, त्याचे एक पैशाचेही नुकसान होता कामा नये. ही कसोटी लावली, की बाजारातले पुष्कळसे ‘लपवलेले बारकावे’ उघडे पडतात. करडी अक्षरे, गालिच्याखाली सारलेले शुल्क, ‘नको’ म्हणण्याचे दिसेनासे केलेले बटण, आपोआप टोपलीत पडलेला विमा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा प्रकारांची यादी करून त्यांवर बंदी घातली. ती यादी वाचताना मला लाज वाटली, कारण त्यातले निदान दोन प्रकार करून देण्याची मागणी माझ्याकडे आली होती आणि एकदा मी नाही म्हणायला उशीर केला होता.

मधल्या, धूसर जागेतही काही गोष्टी आहेत. काम किती झाले हे दाखवणारी पट्टी सुरुवातीला सावकाश आणि शेवटी वेगाने सरकली, तर लोकांना तेवढाच वेळ कमी वाटतो, असे संशोधक ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रयोग करून दाखवले होते. शेवटाजवळ पट्टी अडली, तर ते सर्वांत जाचक वाटते. आमच्या ॲपमध्ये महिन्याचे बिल उघडताना मी पट्टी तशीच सरकवते. एकूण वेळ खोटा सांगत नाही. माणसाची वाट पाहण्याची ताकद शेवटी आकसते, तेवढी सूट धरते. अप्पांना हे आवडले असते असे वाटते, पण खात्री देत नाही. खोट्या मापाबद्दल ते फार कडक होते.

काही बारकावे लपवायचे म्हणून नव्हे, तर दिसू नयेत म्हणूनच करायचे असतात. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा दांडीचा ‘ल’ हे दोन्ही काही फाँटांमध्ये एकत्र असतात, ‘श’चेही तसेच, पानाची भाषा मराठी आहे असे कोडमध्ये सांगितले, तरच मराठी वळण बाहेर येते. सांगायचे राहिले तर कोणी तक्रार करत नाही, फक्त पान जरा परके वाटते. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला चंद्रकोरीसारखा ‘र’ मात्र चुकला, तर तक्रार येते, आणि यायलाच हवी.

रेघा काढून टाकल्यावर माझे दूधवाले ॲप अगदी सरळमार्गी झाले होते. तेव्हा मी त्यात एकच गोष्ट लपवली. वरच्या कोपऱ्यात चोवीस पिक्सेलचे म्हशीचे तोंड आहे, काळ्या शिंगांचे. बेळगावात दिवाळीच्या पाडव्याला गवळी बांधव म्हशी सजवून, शिंगे रंगवून गल्ल्यांतून पळवतात, हे येथे वाढलेल्याला सांगायला नको. त्या एका दिवशी ॲपमधल्या म्हशीच्या शिंगांची टोके तांबडी होतात: प्रत्येक शिंगावर दोन पिक्सेल. त्यांना दाबून काही होत नाही. त्यात काही माहिती नाही, म्हणून ज्याला रंग नीट दिसत नाही त्याचेही काही अडत नाही. आकड्यांपासून ती लांब आहेत.

पहिल्या वर्षी कोणाच्याही लक्षात आले नाही. दुसऱ्या वर्षी पाडव्याच्या सकाळी एका केंद्रावर माप घेणाऱ्या मुलाने पडद्याचा फोटो पाठवला. शिंगाभोवती त्याने बोटाने वेडेवाकडे वर्तुळ काढले होते आणि खाली लिहिले होते, “मॅडम, आमच्या म्हशीची शिंगं कुणी रंगिवली?” मी उत्तरादाखल नुसता नमस्कार पाठवला. त्यानंतर संक्रांतीला तिघांनी विचारले, की तिळगूळ कोठे आहे. तिळगूळ कोठेही नव्हता. ते सगळे कोपरे शोधून आले होते.

पाडवा तिथीने येतो, इंग्रजी तारखेने नाही, त्यामुळे कोडमध्ये तारखांची एक यादी हाताने लिहून ठेवावी लागते. माझी यादी २०३१ पर्यंत आहे. तिच्या खाली, पुढे हे काम ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी, मी दोन ओळी लिहिल्या आहेत: ‘चूक नव्हे. पुढच्या पाडव्यांच्या तारखा पंचांगात बघून येथे घालाव्यात; रंग तांबडाच ठेवावा.’